बिनपत्त्याची खिडकी

माझी नोकरी भरकटण्याची आहे. हे सांगितलं की समोरचा हसतो, पण खरंच तसं आहे. अमरावतीच्या भाड्याच्या दोन खोल्यांत, दुपारी कूलर लावून, मी संगणकावर सिनेमे, क्रिकेट, साड्यांची दुकानं, अनोळखी लोकांची भांडणं असं काय काय उघडायला जाते. ते उघडलं नाही की खूश होऊन लिहिते, 'बरोबर चालतंय.' आमची कंपनी लांबच्या शहरात आहे आणि ती लोकांना कामाला बसवणारं सॉफ्टवेअर बनवते. आपल्याला भुलवणाऱ्या वेबसाइटांची यादी तुम्ही द्यायची, किती दिवसांचं कुलूप हवं ते सांगायचं, आणि सॉफ्टवेअरने तेवढे दिवस त्या वाटा अडवायच्या. वाटा खरंच अडल्या का, हे बघायचा मला पगार मिळतो.

काम दिसतं तेवढं सोपं नाही. माणसाला एका ब्राउझरमध्ये अडवलं की तो दुसऱ्या ब्राउझरमध्ये शिरतो. म्हणून आम्ही आधी संगणकाच्या पोटात असते ती नावांची यादी गाठतो. कोणती वेबसाइट कुठे राहते हे संगणक तिथे बघतो. त्या नावापुढे आम्ही घरचाच पत्ता लिहून टाकतो, म्हणजे निघालेला माणूस फिरून आपल्याच दारात येतो. पण काही ब्राउझर शहाणे असतात, ते ही यादी सोडून परस्पर बाहेर पत्ता विचारतात. मग प्रत्येक ब्राउझरच्या आत आमचा एक पहारेकरी बसवावा लागतो. आणि एवढं करूनही भरवसा नसतो, म्हणून सॉफ्टवेअर समोरच्या खिडकीवर सतत नजर ठेवतं आणि तिच्या वरच्या पट्टीत कुठला पत्ता आहे ते वाचत राहतं. पत्ता यादीतला निघाला की पान पुसून पांढरा पडदा टाकायचा. त्या पडद्यावर एकच ओळ असते, 'आत्ता नाही.' ती मराठी ओळ माझी आहे.

पान उघडणं आणि पडदा पडणं यांच्यामध्ये एखादा अर्धा सेकंद जातो. माझं निम्मं आयुष्य त्या अर्ध्या सेकंदात गेलं असं मला उन्हाळ्यात वाटू लागतं. बाहेर रस्ता ओस असतो, कूलरच्या वाळ्याचा ओला वास खोलीभर असतो, आणि मला समुद्राचा एक कोपरा दिसतो. मग पांढरं. कुणाच्या तरी लग्नातले हात, मग पांढरं. बर्फात उभी असलेली एक गाय, तिने मान वळवली की पांढरं. दुपारी चारपर्यंत मी जागी आहे की झोपेत बघतेय हे माझं मला सांगता येत नाही. जेवताना ती गाय आठवते आणि तिने मान वळवून काय पाहिलं असेल याचा मी विचार करत बसते.

अकोल्याला आई-बाबा असतात. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे, निवृत्त झाले त्याला आता बरीच वर्षं झाली. घरात आणखी एक माणूस आहे, जो घरात नाही. माझा धाकटा भाऊ. त्याने सरकारी नोकरी मिळवली, दोन वर्षं केली आणि एके दिवशी राजीनामा देऊन घरी सांगितलं की मी बंगळुरूला चाललो, कम्प्युटरच्या खेळांसाठी चित्रं काढायला. बाबा तेव्हा जे बोलले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "माया बापानं लोकाच्या वावरात निंदन केलं. म्या मास्तर झालो. अन् तू खुर्चीले लाथ मारून बाहुले काढतं?" भावाचंही डोकं तापट. तो म्हणाला, "खुर्ची तुमाले पायजे होती बाबा, मले नाई." बाबा म्हणाले, "मंग या घराचा उंबरा पन तुले नाई पायजे."

तीन वर्षं झाली. जयंतीला अख्खी वस्ती निळी होते, लोक नागपूर-मुंबईहून घरी येतात, तेव्हाही तो आला नाही. मला फोन करायचा. मी अकोल्याला असले की आईशी बोलायचा. बाबांचं नाव काढायचा नाही, आणि बाबा तर त्यांना मी एकटीच असल्यासारखे वागायचे. आईला दुसरं काही नको होतं. पोरगा घरी यावा आणि बापलेकांनी एकमेकांशी बोलावं, बस. मलाही तेच हवं होतं. पण मी ते बोलून दाखवत नसे, कारण बाबांसमोर बोलायची माझी हिंमत नव्हती.

मार्चमध्ये आईचा फोन आला. "तुये बाबा दिवसभर त्या डब्ब्यासमोर बसून राह्यतेत. मी काई इचारलं तं हुं म्हंतेत. बाकी बोलनं नाई, चालनं नाई."

"काय करतेत?"

"बुद्धिबळ खेळून राह्यले. कोनासंग तरी."

मी म्हटलं, खेळू दे, डोक्याला चालना मिळते. तर आई चिडली. "बायकोसंग बोलत नाई तो मानूस पोरासंग काय बोलन? पयले त्या डब्ब्यातून भायेर काढ यायले. तुयं कामच हाये नं ते?"

हे बरोबर होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाचा घरात कोणी उपयोग मागितला होता. रविवारी अकोल्याला गेले, बाबांच्या संगणकात सॉफ्टवेअर टाकलं आणि यादीत त्या एकाच बुद्धिबळाच्या वेबसाइटचं नाव लिहिलं. कुलूप साठ दिवसांचं. बाबांना म्हटलं, डोळ्यांसाठी आहे. ते म्हणाले, "बरं." बाबांचं 'बरं' म्हणजे काय, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

मी आळस केला होता. पहारेकरी फक्त एका ब्राउझरमध्ये बसवला होता, कारण मला वाटलं, बाबांना दुसरा ठाऊक असणार कुठून? मंगळवारी आईचा फोन, पुन्हा खेळून राह्यले. बाबांनी दुसरा ब्राउझर शोधला होता. तो मी अमरावतीहूनच बंद केला. चार दिवसांनी ते ब्राउझरच्या खाजगी खिडकीत शिरले. या खिडकीत आमच्या पहारेकऱ्याला वेगळी परवानगी द्यावी लागते, ती मी दिली नव्हती. ती दिली. मग मात्र मला मजा येऊ लागली. चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात, पण सत्तरीला आलेला गणिताचा मास्तर त्या वाटा नव्याने आखत होता. ऑफिसातल्या पोरांना न सापडलेल्या फटी त्यांना एका दुपारी सापडायच्या, आणि मी मनातल्या मनात त्यांना शाबासकी देऊन त्या बुजवत होते.

तिसऱ्या वेळी मला काही केल्या कळेना. सगळे ब्राउझर बंद होते, तरी आई म्हणत होती, खेळून राह्यले. शेवटी अकोल्याला गेले. बाबा आंघोळीला गेल्यावर संगणक बघितला. पडद्यावर घोड्याचं एक छोटं चित्र होतं. त्यावर टिचकी मारली तर एक उघडी-बोडकी खिडकी आली. तिला वर पट्टीच नव्हती. पट्टी नाही म्हणजे पत्ता नाही, आणि पत्ता नाही म्हणजे आमचं सॉफ्टवेअर आंधळं. वेबसाइटने कधीतरी बाबांना विचारलं असणार, मला तुमच्या संगणकावर ठेवू का? आणि बाबांनी हो म्हटलं असणार. पडद्याने काही विचारलं की बाबा हो म्हणतात, त्यांना नाही म्हणणं असभ्य वाटतं.

मी त्या खिडकीचं चित्र टिपलं. वर जिथे पत्ता असायला हवा होता तिथे लाल गोल काढला आणि ऑफिसला पाठवून दिलं. तिकडे आनंदीआनंद. एवढी मोठी फट कोणाला कशी सापडली नाही म्हणून माझं कौतुक झालं. पुढच्या आठवड्यात दुरुस्ती तयार झाली आणि गुरुवारी दुपारी ती सगळीकडे आपोआप पोचली. बाबांच्या संगणकातही.

शुक्रवारी आईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज हलका होता. "आज आंगनात बसले. बोलत नाई, पन भायेर बसले." शनिवारी बाबांनी स्वतः फोन केला. बाबा स्वतः कधी फोन करत नाहीत. पाणी कसं येतं, ऊन किती आहे, असं दोन मिनिटं बोलून झाल्यावर म्हणाले, "ते कुलूप अजून किती दिवस?"

"एकोणीस दिवस, बाबा."

"एका दिवसासाठी उघडत नाई काय?"

मी हसले. म्हटलं, "कुलूप म्हंजे कुलूप, बाबा. लावनाऱ्यालेही उघडत नाई ते." हे मी अभिमानाने सांगितलं. ते म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी मी ऑफिसच्या नोंदीतलं त्या फटीचं प्रकरण मिटवायला बसले. दुरुस्ती झाली, तपासली, असं लिहायचं आणि सोबतचं चित्र एकदा बघून घ्यायचं, एवढंच उरलं होतं. चित्र उघडलं. वर माझा लाल गोल होता आणि खाली पट. इतके दिवस मी त्या चित्रात फक्त जे नव्हतं तेच बघत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पटाच्या शेजारी खेळ्यांची यादी होती, आणि मी चहा पिता पिता ती वाचू लागले, उगाच, माझी नोकरीच भरकटण्याची म्हणून.

बाबांचं पहिलं प्यादं एक घर पुढे गेलं होतं. समोरच्याचं पहिलं प्यादंही एक घर. दुसरं एक घर, त्याचंही एक घर. यादी संपेपर्यंत तसंच. दोघांची मिळून नऊ प्यादी हलली होती आणि एकानेही सुरुवातीला दोन घरं घेतली नव्हती. बुद्धिबळात प्याद्याला पहिल्या खेळीत दोन घरं चालता येतं. सगळं जग चालतं, कारण फुकट मिळणारं पाऊल कोण सोडतं? फक्त आमच्या घरात ते चालत नव्हतं. बाबा धारणीच्या शाळेवर होते तेव्हा संध्याकाळी वीज नसायची, एसटी आली नाही की वर्तमानपत्र नसायचं, आणि बाबा आम्हा दोघांना खाटेवर पट मांडून शिकवायचे. प्यादं एकच घर चालणार. भाऊ रडायचा, पुस्तकात दोन लिहिलंय म्हणून भांडायचा. बाबा म्हणायचे, "प्यादं गरीब हाये. गरिबाले पयल्या दिवशी दोन घरं कोनी देत नाई. त्यानं एकएक पायरीच चढा लागते."

मी कप खाली ठेवला. समोरच्या खेळाडूला नाव नव्हतं, नुसते आकडे होते. दोघांची तिथे गाठ कशी पडली हेही मला ठाऊक नव्हतं, पण समोर कोण आहे ते लख्ख दिसलं. बंगळुरूच्या कुठल्याशा खोलीत माझा भाऊ बसलाय आणि जग देत असलेलं ते दुसरं घर नाकारतोय, आणि अकोल्यात बाबा बसलेत आणि तेही नाकारतायत. तीन वर्षं दोघं बोलले नव्हते असं आम्ही समजत होतो. ते रोज बोलत होते, एका वेळी एक घर.

चित्राच्या कोपऱ्यात नियम लिहिला होता. प्रत्येक खेळीला तीन दिवस, वेळ संपली की हार. आमची दुरुस्ती गुरुवारी दुपारी पोचली होती. बाबांची पाळी त्याच दुपारी चारला आली असली तर आज चारपर्यंत ती संपणार होती.

मी अमरावतीहून कुलूप उघडायचा प्रयत्न केला. ते उघडणार नव्हतं. ते कसं कसं मोडता येईल याचे सगळे मार्ग मीच तपासून बंद करवले होते. भावाला फोन करावा म्हणून तीनदा नाव काढलं आणि तीनदा ठेवलं. काय सांगणार होते? तू बाबांशी खेळतोस हे मला कळलं, हे? त्या दोघांनी जे इतकं जपून झाकलं होतं ते मी उघड्यावर आणलं असतं, आणि मग मानापोटी दोघांनीही पट उधळला असता. लॅपटॉप पिशवीत टाकला आणि एसटी पकडली.

बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. खिडकीतून गरम वारा येत होता आणि मी अर्धवट झोपेत होते. नांगरून ठेवलेली काळी वावरं मला पटासारखी दिसत होती, त्यात कुठे कुठे एखादा माणूस उभा. मी किती फटी बुजवल्या ते मोजत होते. एक, दोन, तीन. बाबा प्रत्येक वेळी वाकून वाकून दुसरं दार शोधत होते आणि मी इकडून हसत हसत ते लावून घेत होते. मला रडू आलं. शेजारच्या बाईने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

घरी पोचले तेव्हा तीन वाजत आले होते. बाबा खुर्चीत होते, संगणक बंद. मी लॅपटॉप उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "बाबा, इथून खेळा." ते घड्याळाकडे बघून म्हणाले, "चारपर्यंत टाइम हाये." मग वेबसाइटने पासवर्ड मागितला. बाबांना तो माहीत नव्हता, तो त्यांच्या संगणकालाच ठाऊक होता. नवा मागवला तर ई-मेलवर जाणार, आणि ते ई-मेल मोबाइलच्या दुकानदाराने कधीकाळी काढून दिलेलं, तेही उघडता येईना. आम्ही दोघांनी मिळून जे सुचेल ते लिहून बघितलं. शाळेचं नाव, आईचं नाव, निवृत्तीचं वर्ष. साडेतीन झाले, पावणेचार झाले. बाबांनी हळूच लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"जाऊ दे," ते म्हणाले.

मी विचारलं, "बाबा, समोर कोन खेळते?"

"मले काय माईत? कोनीतरी पोरगं हाये." ते खिडकीबाहेर बघत होते. "चांगलं खेळते. पन घाई करते अन् उंट गमावते. लहानपनापासून."

आपण काय बोलून गेलो हे त्यांना कळलं की नाही, मला सांगता येत नाही. चार वाजले. खोलीत काहीच घडलं नाही, पंखा फिरत होता, पण कुठेतरी बाबा हरले होते, आणि हरवणारी मी होते.

दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. भाऊ.

"ताई, कुठं हायेस?"

"अकोल्याले. घरी."

त्याच्या मागे रस्त्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "बाबा बरे हायेत नं?" तीन वर्षांत त्याच्या तोंडून 'बाबा' मी पहिल्यांदा ऐकलं.

मी फोनचा आवाज मोठा केला आणि हात पुढे धरला. बाबांनी फोन घेतला नाही. भिंतीकडे बघत ताठ बसून राहिले आणि मला म्हणाले, "सांग त्याले. काई झालं नाई. डब्बा बंद पडला होता."

"डब्बा बंद पडला होता म्हंतेत," मी म्हटलं.

"सांग, मी जिंकलो असं मी धरत नाई."

"तो म्हंते, जिंकलो असं धरत नाई."

"नियम तो नियम," बाबा म्हणाले. "टाइम सरला, म्या हरलो. सांग त्याले." मी सांगितलं. बाबांनी धोतराची निरी उगाच सारखी केली आणि म्हणाले, "इचार त्याले, जेवला काय."

"जेवला काय, इचारून राह्यले."

तिकडून बारीक आवाज आला. "सांग, नाई जेवलो. सकाळपासून घड्याळ पाहून राह्यलो होतो."

हे काही मला पुन्हा सांगता आलं नाही. बाबांनी ते ऐकलं होतंच. ते भिंतीवरून नजर काढत नव्हते. दोघंही माझी वाट बघत थांबले होते.

आई स्वयंपाकघराच्या दारात चहाची गाळणी हातात घेऊन कधीची उभी होती. ती आली, तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि बाबांच्या हातात कोंबला.

"तिले मधात काहून घेता?" ती म्हणाली. "दोघाइले एकमेकाचं आयकू येऊन राह्यलं नं? मंग बोला."

बाबांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. मग म्हणाले, "बोल."